राउटरने कोणाचे ऐकावे : राउटिंग प्रोटोकॉलच्या अभ्यासाविषयी

सिस्कोच्या सीसीएनए या नेटवर्किंगच्या प्रमाणपत्र परीक्षेच्या २००-३०१ या अभ्यासक्रमात आयपी कनेक्टिव्हिटी या विभागाला २५ टक्के वाटा दिलेला आहे आणि सहा विभागांपैकी एवढा वाटा दुसऱ्या कोणत्याही विभागाला नाही. राउटिंग टेबल (कोणत्या नेटवर्ककडे कोणत्या वाटेने जायचे याची राउटरमधील यादी) वाचणे, राउटर पॅकेट, म्हणजे माहितीचा तुकडा, पुढे पाठवण्याचा निर्णय कसा घेतो ते सांगणे, स्टॅटिक राउट, म्हणजे हाताने लिहिलेली वाट, देणे, राउटरांनी एकमेकांना माहिती देऊन वाटा काढण्याचा ओएसपीएफ हा प्रोटोकॉल एका एरियात (राउटरांच्या एका गटात) उभा करणे आणि फर्स्ट हॉप रिडंडन्सीचा (पहिला राउटर बंद पडल्यास दुसऱ्याने त्याची जागा घेण्याच्या सोयीचा) हेतू समजून घेणे, एवढाच मजकूर त्यात येतो. कागदावर ही यादी आटोपशीर दिसते. तरीही माझ्याबरोबर तयारी करणाऱ्यांपैकी बहुतेकांची गाडी याच विभागात अडते, आणि याला विषयाच्या काठिण्यापेक्षा तो शिकण्याची रीत अधिक कारणीभूत आहे असे माझे मत झाले आहे. आरआयपी हा जुना प्रोटोकॉल म्हटले की १२०, ओएसपीएफ म्हटले की ११०, हॅलो (शेजारी राउटरला 'मी आहे' असे कळवणारा निरोप) दर १० सेकंदांनी, डेड टायमर (तेवढ्या वेळात हॅलो आला नाही तर शेजारी गेला असे मानायचे) ४० सेकंदांचा, असे आकडे तक्त्यात मांडून पाठ केले जातात. प्रश्नात मात्र चार राउटरांचे चित्र, एक राउटिंग टेबल आणि मुक्कामी न पोहोचणारे एक पॅकेट समोर ठेवलेले असते.

मी वेर्णा औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात नेटवर्कचे काम पाहते, राहते फोंड्याला, आणि सवड मिळेल तेव्हा पणजीला पाटो येथील कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात बसून अभ्यास करते. कामाच्या ठिकाणी ज्येष्ठ सहकाऱ्यांनी जी पुस्तके दिली ती २००-१२५ या जुन्या परीक्षेची होती. त्यांत आरआयपीची दुसरी आवृत्ती, ईआयजीआरपी हा आणखी एक प्रोटोकॉल आणि एकाहून अधिक एरियांचे ओएसपीएफ असे सगळेच होते. २४ फेब्रुवारी २०२० पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमातून तो भाग गेला. तयारी करणाऱ्याने ही प्रकरणे थेट बाजूला ठेवू नयेत असे मी आग्रहाने सांगेन. ओएसपीएफचा प्रत्येक नियम आधीच्या कोणत्या तरी प्रोटोकॉलच्या अडचणीतून आलेला आहे, आणि ती अडचण ठाऊक नसेल तर नियम केवळ पाठ करण्यापुरता उरतो. या सगळ्या प्रोटोकॉलांना जोडणारा प्रश्न एकच आहे: नेटवर्कचा जो भाग राउटरला स्वतःला दिसत नाही, त्याविषयी त्याने कोणाचे सांगणे, किती प्रमाणात आणि कोणत्या अटीवर खरे मानायचे? हा प्रश्न हाती धरून वाचत गेले की आकडे आपोआप जागेवर बसतात, असा माझा अनुभव आहे.

सुरुवात राउटिंग टेबलापासून करावी, प्रोटोकॉल नंतर. 'शो आयपी राउट' या आदेशाने जी यादी दिसते तिच्यातील ओळीच्या आरंभी एक अक्षर असते आणि ही माहिती राउटरला कोठून मिळाली ते त्या अक्षरावरून कळते. सी म्हणजे स्वतःच्या इंटरफेसला थेट जोडलेले नेटवर्क. राउटरला स्वतःहून ठाऊक असते ते एवढेच. एस म्हणजे माणसाने हाताने लिहिलेला स्टॅटिक राउट. ओ, डी, आर आणि बी ही अक्षरे अनुक्रमे ओएसपीएफ, ईआयजीआरपी, आरआयपी आणि बीजीपी (वेगवेगळ्या संस्थांची नेटवर्क एकमेकांना जोडणारा प्रोटोकॉल) यांच्यामार्फत आलेल्या माहितीची, म्हणजे शेजारी राउटरांनी सांगितलेल्या गोष्टींची आहेत. पुढे चौकटी कंसात ११०/३ अशा दोन संख्या येतात. त्यांपैकी पहिली ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स ही माहितीच्या उगमाची विश्वासार्हता दाखवते, आणि ती जितकी लहान तितका विश्वास अधिक: थेट जोडणीला ०, स्टॅटिक राउटला १, बाह्य बीजीपीला २०, ईआयजीआरपीच्या अंतर्गत राउटला ९०, ओएसपीएफला ११०, आरआयपीला १२०, अंतर्गत बीजीपीला २००, आणि २५५ असेल तर ती माहिती टेबलात घेतलीच जात नाही. हे आकडे सिस्कोने ठरवलेले आहेत, आणि ज्युनिपरच्या राउटरवर ते वेगळे असतात. दुसरी संख्या मेट्रिकची. ती त्या त्या प्रोटोकॉलच्या स्वतःच्या हिशेबातील अंतर असते, त्यामुळे आरआयपीच्या २ ची ओएसपीएफच्या ६५ शी तुलना करण्यात काही अर्थ नाही.

येथे एक गोष्ट नीट समजली नाही तर पुढचे सगळे डळमळते. माझ्या एका कनिष्ठ सहकाऱ्याने मला विचारले होते, "ताई, स्टॅटिक राउटचा एडी (ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स) १ आणि ओएसपीएफचा ११०, मग पॅकेट ओएसपीएफच्या वाटेने का गेले?" त्याच्या टेबलात १०.१०.०.०/१६ साठी स्टॅटिक राउट होता, १०.१०.२०.०/२४ साठी ओएसपीएफचा राउट होता आणि पॅकेटचा पत्ता १०.१०.२०.५ होता. (/ नंतरचा आकडा म्हणजे मास्क लांबी: पत्त्याचे सुरुवातीचे तेवढे बिट नेटवर्कची ओळख सांगतात.) उत्तर असे की या दोन ओळींमध्ये स्पर्धाच नाही. एकाच प्रीफिक्ससाठी, म्हणजे तोच पत्ता आणि तीच मास्क लांबी असलेल्या नेटवर्कसाठी, दोन ठिकाणांहून माहिती आली तरच ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स पाहिले जाते, आणि तेही टेबलात कोणती ओळ बसवायची एवढे ठरवण्यासाठी. एकाच प्रोटोकॉलकडून दोन वाटा कळल्या तर मेट्रिक पाहिले जाते. /१६ आणि /२४ ही वेगवेगळी प्रीफिक्स असल्यामुळे दोन्ही ओळी टेबलात बसतात, आणि पॅकेट आल्यावर राउटर फक्त सर्वांत लांब जुळणारे प्रीफिक्स शोधतो. त्या वेळी ती ओळ कोणी सांगितली, किती विश्वासाची आहे, याचा विचार होत नाही. टेबल भरणे आणि टेबल वापरणे ही दोन कामे मनात वेगळी ठेवली की या प्रकारचे प्रश्न सुटतात. टिपणवहीच्या पहिल्या पानावर मी हेच लिहिले आहे.

सर्वांत लांब प्रीफिक्स जिंकते या नियमाचे वजन किती आहे, ते २४ फेब्रुवारी २००८ रोजी सगळ्या जगाने पाहिले. यूट्यूबची २०८.६५.१५२.०/२२ ही पत्त्यांची पट्टी बीजीपीद्वारे जाहीर होत होती. देशांतर्गत यूट्यूब बंद करण्याच्या प्रयत्नात पाकिस्तान टेलिकॉमने त्यातलीच २०८.६५.१५३.०/२४ ही लहान पट्टी स्वतःची म्हणून जाहीर केली, आणि वरच्या सेवापुरवठादाराने ती न तपासता पुढे पाठवली. /२४ हे /२२ पेक्षा लांब असल्याने जगभरातील राउटर त्या पट्टीसाठीचे पॅकेट पाकिस्तानच्या दिशेने पाठवू लागले. यूट्यूबने आधी तीच /२४ जाहीर केली, नंतर त्याहून लांब अशा दोन /२५ जाहीर केल्या, आणि चुकीची घोषणा मागे घेतली जाईपर्यंत सुमारे दोन तास गेले. सीसीएनएच्या अभ्यासक्रमात बीजीपी नाही. पण सर्वांत लांब प्रीफिक्सचा नियम शिकवण्यासाठी यापेक्षा चांगले उदाहरण मला सापडलेले नाही, आणि शेजाऱ्याचे सांगणे न पारखता पुढे पाठवल्यास काय होते तेही याच घटनेत दिसते.

स्टॅटिक राउटविषयी थोडक्यात सांगते. डिफॉल्ट राउट (दुसरे काहीच जुळले नाही तर वापरायचा), नेटवर्क राउट, होस्ट राउट (एकाच यंत्रासाठीचा) आणि फ्लोटिंग स्टॅटिक राउट हे चार प्रकार आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ या दोन्हींत लिहिता आले पाहिजेत. आयपीव्ही६ मध्ये नेक्स्ट हॉप, म्हणजे पुढचा राउटर, म्हणून लिंक-लोकल (फक्त त्या दुव्यापुरता चालणारा) पत्ता दिला तर बाहेर पडण्याचा इंटरफेसही सांगावा लागतो, कारण तोच पत्ता दुसऱ्या इंटरफेसवरही असू शकतो. फ्लोटिंग स्टॅटिक राउट म्हणजे मुद्दाम मोठे ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स, समजा १३०, देऊन लिहिलेला राउट. ओएसपीएफची ११० वाली ओळ आहे तोवर तो टेबलात दिसत नाही. ती ओळ गेली की वर येतो. पुलावरून वाहतूक चालू असते तोवर घाईचा माणूस पणजी–बेती फेरीबोटीकडे वळत नाही, पण १९८६ मध्ये मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला तेव्हा नदी ओलांडायला फेरीबोटीच कामी आल्या. फ्लोटिंग स्टॅटिक राउटचे स्थान नेमके तसे आहे.

आता प्रोटोकॉलकडे येते. पॅकेट ट्रेसर या सिस्कोच्या सराव-सॉफ्टवेअरमध्ये मी राउटरांना पणजी, फोंडा आणि मडगाव अशी नावे दिली, कारण आर१, आर२ या नावांनी लिहिलेले टेबल वाचताना दिशा लक्षात राहत नाही. पणजी–फोंडा आणि फोंडा–मडगाव हे दुवे १०० एमबीपीएसचे फास्ट इथरनेट, आणि पणजी–मडगाव हा थेट दुवा १.५४४ एमबीपीएसचा सिरियल. मडगावच्या मागे एक लॅन, म्हणजे स्थानिक नेटवर्क, आणि पणजीच्या मागेही एक. या तीन राउटरांवर आधी आरआयपी चालवून पाहावे. आरआयपी फक्त मधले राउटर मोजतो, त्यामुळे पणजीचा राउटर मडगावच्या लॅनसाठी थेट सिरियल दुवा निवडतो आणि कितीतरी पटींनी वेगवान असलेली फोंड्याची वाट सोडून देतो. आरआयपीच्या दृष्टीने त्यात चूक काहीच नाही. शेजाऱ्याने 'ते नेटवर्क माझ्यापासून इतक्या अंतरावर आहे' एवढेच सांगितले. ते अंतर कोणत्या वाटेचे, त्या वाटेची क्षमता किती, हे त्याने सांगितलेच नाही.

याच अपुऱ्या सांगण्यातून आरआयपीची खरी अडचण निर्माण होते. सिरियल दुवा काढून टाकला की पणजी, फोंडा, मडगाव एका रेषेत राहतात. मडगावच्या लॅनचे अंतर फोंड्याला १ आणि पणजीला २. आता फोंडा–मडगाव दुवा तुटला. फोंड्याचा राउटर ही बातमी पणजीला देण्याआधीच पणजीचा नेहमीचा अपडेट आला की 'मडगावची लॅन माझ्यापासून २ वर आहे', तर फोंड्याचा राउटर ते खरे मानून ३ अशी नोंद करतो, मग पणजीचा राउटर ४ करतो, मग फोंडा ५. पणजीला ती माहिती मुळात फोंड्याकडूनच मिळाली होती, हे फोंड्याला कळण्याचा मार्ग नाही. अंतर १६ झाले की ते अनंत मानायचे आणि राउट सोडून द्यायचा, हा नियम येथून आला. म्हणूनच आरआयपीत १५ हॉपांची, म्हणजे वाटेतील टप्प्यांची, मर्यादा आहे. ज्या इंटरफेसवरून माहिती ऐकली त्याच इंटरफेसवरून ती परत सांगायची नाही हा स्प्लिट होरायझन, तुटलेला राउट १६ अंतराने मुद्दाम जाहीर करणे हे राउट पॉयझनिंग, आणि वाईट बातमीनंतर काही काळ त्याच नेटवर्कविषयीची चांगली बातमी न स्वीकारणे हा होल्डडाउन, हे सगळे याच एका दुखण्यावरचे उपाय आहेत. अपडेट दर ३० सेकंदांनी, १८० सेकंद काही ऐकू आले नाही तर राउट अवैध, २४० सेकंदांनी टेबलातून बाहेर, हे आकडेही मग ओझे वाटत नाहीत. १९८८ मध्ये आरएफसी १०५८ म्हणून (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे क्रमांकित तांत्रिक दस्तऐवज) आरआयपीची लिखित व्याख्या झाली. पुढे दुसऱ्या आवृत्तीत सबनेट मास्क आणि २२४.०.०.९ हा मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेक राउटरांना पाठवण्याचा) पत्ता आला, पण शेजाऱ्याच्या निष्कर्षावर विसंबण्याची मूळ पद्धत तीच राहिली.

ओएसपीएफ निराळा आहे तो येथे. त्यात शेजारी निष्कर्ष सांगत नाही. प्रत्येक राउटर फक्त स्वतःपुरती वस्तुस्थिती सांगतो: माझे दुवे हे, त्यांची किंमत ही, पलीकडे हे शेजारी. हे निवेदन, म्हणजे लिंक स्टेट ॲडव्हर्टाइजमेंट किंवा एलएसए, एरियातील प्रत्येक राउटरपर्यंत जसेच्या तसे पोहोचवले जाते. मधल्या राउटरने त्यातील मजकुरात बदल करायचा नसतो. सगळ्यांकडे सारखाच संग्रह जमतो आणि प्रत्येक राउटर त्यावरून स्वतः गणित करून वाटा काढतो. त्यासाठीची रीत एड्सगर डिक्स्ट्रा यांची आहे. ॲमस्टरडॅममधील एका कॅफेच्या गच्चीवर बसून, हाती कागद-पेन्सिल नसताना, सुमारे वीस मिनिटांत ती सुचली असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. हे साल १९५६ चे. निबंध १९५९ मध्ये प्रसिद्ध झाला. रॉटरडॅमहून ग्रोनिंगेनला जाण्याची सर्वांत जवळची वाट कोणती, हा त्यांच्यासमोरचा प्रश्न होता. कागद-पेन्सिलीवाचून सुचलेली ही रीत आपण मात्र कागद-पेन्सिल घेऊनच शिकावी. पणजीपासून फोंडा १, मडगाव ६४. सर्वांत कमी १, म्हणून फोंडा पक्का करा. फोंड्यातून मडगाव १ अधिक १ म्हणजे २, आणि २ हे ६४ पेक्षा कमी, म्हणून मडगावची जुनी नोंद खोडा. मडगावच्या गिगाबिट लॅनची किंमत १ धरून एकूण ३. टेबलात दिसणारा ११०/३ हा आकडा आपल्या हाताने निघाला की ओएसपीएफविषयीची भीती जाते.

सिरियल दुव्याची किंमत ६४ कशी, हेही करून पाहावे. १० कोटी बिट्स प्रति सेकंद ही संदर्भ बँडविड्थ, तिला १५,४४,००० ने भागून अपूर्णांक सोडला की ६४ उरतात. याच सूत्राने फास्ट इथरनेटची किंमत १ येते आणि गिगाबिटचीही १ च धरली जाते, कारण १ पेक्षा कमी किंमत नसते. म्हणजे मूळ मांडणीत ओएसपीएफला १०० एमबीपीएस आणि १० जीबीपीएस यांतला फरक कळत नाही. 'ऑटो-कॉस्ट रेफरन्स-बँडविड्थ १००००' असा आदेश दिला की फास्ट इथरनेट १००, गिगाबिट १० आणि दहा गिगाबिट १ अशा किमती होतात. मात्र हा बदल सगळ्या राउटरांवर सारखाच करावा लागतो, नाही तर प्रत्येक जण वेगळ्या मापाने मोजलेली किंमत जाहीर करतो.

वस्तुस्थितीच सगळ्यांना वाटली तरी ती वाटण्यात चूक झाली तर काय, हा पुढचा प्रश्न. याचे उत्तर अर्पानेटच्या, म्हणजे इंटरनेटच्या आधीच्या अमेरिकी नेटवर्कच्या, इतिहासात आहे आणि परीक्षेच्या पुस्तकांत ते सहसा येत नाही, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहिते. अर्पानेटने १९७९ मध्ये शेजाऱ्यांकडून अंतरे ऐकण्याची जुनी पद्धत सोडून लिंक स्टेट पद्धत स्वीकारली. २७ ऑक्टोबर १९८० रोजी हे संपूर्ण नेटवर्क कित्येक तास बंद पडले. निवेदन नवे की जुने हे ठरवण्यासाठी प्रत्येकाला सहा बिटांचा क्रमांक दिलेला असे, आणि ६३ नंतर तो पुन्हा ० पासून सुरू होत असे. एका यंत्रातील बिघाडाने बिट गळाले आणि एकाच नोडची (नेटवर्कमधील यंत्राची) ४४, ४० आणि ८ अशा क्रमांकांची तीन निवेदने नेटवर्कमध्ये फिरू लागली. द्विमान पद्धतीत ४४ म्हणजे १०११००. एक बिट गळले की १०१०००, म्हणजे ४०. आणखी एक गळले की ००१०००, म्हणजे ८. चक्राकार मोजणीत ४० हे ८ पेक्षा नवे, ४४ हे ४० पेक्षा नवे आणि ८ हे पुन्हा ४४ पेक्षा नवे ठरत होते, त्यामुळे प्रत्येक नोड ही तीन निवेदने नवी समजून अखंड पुढे पाठवत राहिला आणि दुसऱ्या कामाला त्याला उसंत उरली नाही. एरिक रोझेन यांनी आरएफसी ७८९ मध्ये याचे जे विवेचन केले आहे ते प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावे इतके स्वच्छ आहे.

हे वाचल्यावर जॉन मॉय यांनी लिहिलेल्या, एप्रिल १९९८ च्या आरएफसी २३२८ मधील नियम वेगळ्या नजरेने दिसतात. एलएसएचा क्रमांक ३२ बिटांचा आहे आणि तो एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरळ वाढतो. टोक गाठलेच तर जुने निवेदन आधी नेटवर्कमधून काढून टाकावे लागते आणि मगच आरंभीचा क्रमांक पुन्हा वापरता येतो. प्रत्येक एलएसएला स्वतःची चेकसम, म्हणजे मजकूर बिघडला आहे का ते पडताळणारी संख्या, आहे. वय ३६०० सेकंद झाले की एलएसए बाद होतो, आणि मूळ राउटर दर १८०० सेकंदांनी तो नव्याने जाहीर करतो. हे आकडे परीक्षेत विचारले जातील किंवा जाणार नाहीत. मला ते आता विसरता येत नाहीत.

शेजारी कोणाला मानायचे याच्या अटीही ओएसपीएफने काटेकोर ठेवल्या आहेत. एरिया, हॅलो आणि डेड टायमर, ऑथेंटिकेशन, आणि इथरनेटसारख्या सामायिक दुव्यावर सबनेट मास्क हे सगळे दोन्ही बाजूंना जुळले पाहिजे, आणि राउटर आयडी मात्र वेगवेगळे पाहिजेत. यानंतर इनिट, टू-वे, एक्सस्टार्ट, एक्सचेंज, लोडिंग आणि फुल अशा पायऱ्या येतात. एका इथरनेटवर पाच राउटर असतील आणि प्रत्येकाने प्रत्येकाशी पूर्ण संबंध जोडला तर दहा संबंध होतात. डेझिग्नेटेड राउटर (ज्याच्याशी बाकीच्यांनी पूर्ण संबंध जोडायचा तो) आणि त्याचा बॅकअप निवडल्यावर सातच लागतात. बाकीचे राउटर एकमेकांशी टू-वे अवस्थेतच थांबतात, आणि ही अवस्था बिघाडाची नाही हे पक्के लक्षात ठेवावे, कारण सराव प्रश्नांत येथेच पुष्कळ गुण जातात. निवडीत आधी प्रायॉरिटी पाहिली जाते, ती सारखी असेल तर मोठा राउटर आयडी. प्रायॉरिटी ० असलेला राउटर उमेदवारच नसतो, आणि एकदा निवड झाली की नंतर आलेला अधिक प्रायॉरिटीचा राउटर आधीच्याला हटवू शकत नाही. तसेच 'नेटवर्क' हा आदेश नावाप्रमाणे नेटवर्क जाहीर करत नाही. वाइल्डकार्ड मास्कमध्ये ज्यांचा पत्ता बसतो त्या इंटरफेसवर तो ओएसपीएफ सुरू करतो, आणि जाहीर होते ते त्या इंटरफेसचे स्वतःचे सबनेट.

ईआयजीआरपी मधल्या वाटेने जातो. तो शेजाऱ्याचे अंतर ऐकतो, पण पर्यायी वाट म्हणून त्याला आधीच मान्यता देण्यापूर्वी एक अट घालतो: शेजाऱ्याने सांगितलेले अंतर माझ्या स्वतःच्या सर्वोत्तम अंतरापेक्षा कमी असले पाहिजे. तसे असेल तर तो शेजारी माझ्याच आधाराने बोलत नाही याची खात्री पटते, आणि फोंडा–पणजीमध्ये घडलेला प्रकार येथे घडू शकत नाही. गार्सिया-लुना-असेव्हेस यांच्या ड्युअल या रीतीचे मर्म या एका ओळीत आहे. बीजीपीने तोच प्रश्न आणखी वेगळ्या प्रकारे सोडवला: अंतराऐवजी ज्या ज्या स्वायत्त संस्थांच्या नेटवर्कमधून वाट जाते त्यांच्या क्रमांकांची संपूर्ण मालिकाच सांगायची, आणि त्या मालिकेत स्वतःचा क्रमांक दिसला की ती वाट नाकारायची. फेरा टळतो, पण पहिल्यानेच खोटे किंवा चुकीचे सांगितले तर बीजीपीला स्वतःहून ते ओळखता येत नाही, आणि २००८ मध्ये झाले ते हेच. अमुक पट्टी जाहीर करण्याचा अधिकार अमुक स्वायत्त क्रमांकाला आहे हे सहीनिशी नोंदवणारी आरपीकेआय ही व्यवस्था त्यासाठी पुढे उभी राहिली. सीसीएनएनंतर ३५०-४०१ या सिस्कोच्या पुढच्या परीक्षेची तयारी करणाऱ्यांना बीजीपी लागतेच, त्यामुळे एवढी ओळख आधीच करून ठेवावी.

सरावाच्या बाबतीत माझा एकच आग्रह आहे: आदेश देण्याआधी उत्तर कागदावर लिहावे. पावसाळ्यात वीज गेली की लॅपटॉपची बॅटरी फार वेळ साथ देत नाही, आणि तेव्हा कागदावर केलेले काम सर्वांत जास्त उपयोगी पडते हे मी पाहिले आहे. वरच्याच तीन राउटरांवर ओएसपीएफ चालवा, पण पणजी–मडगाव सिरियल दुवा त्यातून बाहेर ठेवा आणि पणजीवर मडगावच्या लॅनसाठी, तेच प्रीफिक्स वापरून, १३० डिस्टन्सचा फ्लोटिंग स्टॅटिक राउट लिहा; परतीच्या वाटेसाठी मडगावच्या राउटरवर पणजीच्या लॅनचा तसाच राउट लिहायला विसरू नका. पणजीचे टेबल कागदावर मांडा आणि मग प्रत्यक्ष टेबलाशी ताडून पाहा. फोंड्याचा पणजीकडील इंटरफेस बंद केला तर दुवा पडल्याचे पणजीला लगेच कळते आणि ओएसपीएफची ओळ तत्काळ जाते. तोच दुवा मध्ये एक स्विच ठेवून पुन्हा उभा करा आणि फोंड्याच्या बाजूची केबल काढा: पणजीचा इंटरफेस चालूच राहतो, हॅलो येणे थांबते आणि ४० सेकंदांचा डेड टायमर संपेपर्यंत पणजीचा राउटर पॅकेट फोंड्याच्या दिशेने पाठवत राहतो. एका बाजूचा हॅलो टायमर बदलून पाहा, काही वेळाने शेजारी यादीतूनच नाहीसा होतो. इंटरफेस पॅसिव्ह, म्हणजे हॅलो न पाठवणारा, केला तरी तेच. दोन बाजूंचा एमटीयू (एका पॅकेटची कमाल लांबी) वेगळा केला तर तो यादीत राहतो, पण एक्सस्टार्ट किंवा एक्सचेंजच्या पुढे सरकत नाही. प्रत्येक वेळी 'शो आयपी ओएसपीएफ नेबर' ची नोंद ठेवा, आणि शेवटी 'शो आयपी राउट' देऊन ओ ११०/३ च्या जागी एस १३०/० ही ओळ आली आहे ना ते पाहा.